ब्रेक ऑइल कमी होतंय, पण खाली थेंबही नाही? या चुका टाळा

इंजिन ऑइल जुनी गाडी थोडंफार पिते, ते आपण चालवून घेतो. ब्रेक ऑइलचं तसं नाही. ते जळत नाही, आटत नाही. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरली, तर एक तर पॅड-लायनर (डिस्क किंवा ड्रमवर घासून चाक थांबवणारे भाग) झिजले आहेत, नाहीतर ऑइल कुठून तरी बाहेर पडतंय. तिसरं कारण नसतं. तरीही एमएच-१२ ची पंधरा वर्षं उलटलेली, पुन्हा पासिंग करून घेतलेली गाडी बाळगणारे कित्येक जण दर महिन्याला डबीत थोडं थोडं ओतत राहतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आधी पॅड बघा. पॅड झिजले की ते दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि मागची जागा ऑइल भरून काढतं. ही घट सावकाश, महिनोन्‌महिने होते. अशा वेळी डबी ‘मॅक्स’पर्यंत भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ऑइल वरून सांडतं आणि बॉनेटखालचा रंग उचलतं. पण पॅड जाड आहेत आणि दोन-चार आठवड्यांतच पातळी ‘मिन’ला टेकतेय, तर शोधाला लागायचं.

फरशी कोरडी म्हणजे लीक नाही?

पार्किंगमधली फरशी बघून निकाल देऊ नका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, त्यामुळे पुण्याच्या पावसाळ्यात उघड्यावर उभ्या गाडीखालचा माग सकाळपर्यंत धुऊन निघतो. गाडी छपराखाली घ्या, चारही चाकांखाली आणि इंजिनखाली जुने पेपर पसरा आणि रात्रभर राहू द्या.

डाग सापडलाच तर तो कशाचा, तेही ठरवा. एका ग्लासात पाणी घेऊन त्या डागाचा थेंब टाका. तरंगला, तर इंजिन किंवा गिअर ऑइल. मिसळून गेला, तर ब्रेक ऑइलचा संशय पक्का. ओम्नी, सुमो, बोलेरो अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ही परीक्षा फार उपयोगी पडते. तिथे एक्सलचं सील गेलं की गिअर ऑइल ड्रममध्ये उतरतं आणि बदलला जातो बिचारा व्हील सिलिंडर, म्हणजे ड्रममधले लायनर ऑइलच्या दाबाने बाहेर ढकलणारा भाग.

थेंब न पाडणाऱ्या जागा

पेपर कोरडेच राहिले, तर पहिला संशय बूस्टरवर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर घ्या. पॅडल दाबल्यावर ऑइल पाइपांत ढकलणारा मास्टर सिलिंडर बूस्टरच्या तोंडावर बसवलेला असतो. त्याचं मागचं सील गेलं की ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जमा होतं, बाहेर एक थेंब येत नाही. जास्त साचलं तर व्हॅक्यूम पाइपमधून इंजिनात ओढलं जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूरही निघतो, आणि मग हेडगॅस्केट उघडायची भाषा सुरू होते. त्याआधी टॉर्च घेऊन मास्टर सिलिंडर आणि बूस्टरचा सांधा खालच्या बाजूने बघा. तिथला काळा रंग फुगलाय, पापुद्रे सुटलेत? मग इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे व्हॅक्यूम संपेल. मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून तो जरासा पुढे ओढा. पाइप सोडायची गरज नाही, फक्त त्यांना पीळ बसू देऊ नका. कापड गुंडाळलेली काडी आत फिरवा. किंचित ओलसरपणा जुन्या गाडीत चालतो. काडी चिंब निघाली तर चोर सापडला.

दुसरी जागा मागचा ड्रम. वरून पाहून इथे काही कळत नाही, ड्रम काढावाच लागतो. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. छोट्या स्क्रू ड्रायव्हरने टोपीची कड हलकेच उचला. आत नुसता ओलावा असेल तर लक्ष ठेवा; थेंब ओघळला तर सिलिंडर गेला. ऑइल आधी या टोपीत साचतं, मग लायनरमध्ये जिरतं, आणि टायरच्या आतल्या बाजूला ओघळ दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. ब्रेक मारल्यावर मागचं एकच चाक लॉक होणं किंवा हँडब्रेक एका बाजूला सैल लागणं, ही आधीची लक्षणं.

क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा असेल तर तो बऱ्याच गाड्यांत याच डबीतून ऑइल घेतो. तेव्हा पॅडलपाशी चटई उचलून हात फिरवा. ब्रेक चाळत बसलेल्यांना क्लच आठवतच नाही.

राहिला गाडीखालून मागे जाणारा लोखंडी पाइप. मुळशी-ताम्हिणीचा चिखल क्लिपांमध्ये अडकून राहतो आणि पाइप नेमका तिथेच गंजतो. त्यावर अंडरबॉडी कोटिंगचा थर असेल तर गंज झाकला जातो, थांबत नाही. क्लिप सोडवून बघा.

पॅडल काय सांगतं, काय नाही

इंजिन सुरू करताना दाबलेलं पॅडल थोडं खाली जातं. तो बूस्टर चालू असल्याचा पुरावा आहे, लीकचा नव्हे. खरी परीक्षा अशी: इंजिन बंद, व्हॅक्यूम संपवलेला, पॅडल एकसारखं दाबून धरलेलं. ते हळूहळू खाली बसू लागलं तर दाब सुटतोय. पण डबीतली पातळी तशीच असेल, तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या आतच सीलवरून मागे सरकतंय आणि बाहेर लीक शोधण्यात अर्थ नाही. सिंहगड किंवा दिवे घाट उतरताना पॅडल स्पंजासारखं झालं आणि थंड झाल्यावर ठीक वाटलं, तर दोष बहुतेक जुन्या ऑइलचा. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही हमी १५५ वर येते. डॉट ३ ची तर १४० वर.

दुरुस्तीत होणारे घोटाळे

सुटे भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुऊ देऊ नका, सील फुगतात. ब्रेक क्लीनर वापरा. भिजलेले लायनर पॉलिश पेपरने घासून, पेटवून पुन्हा बसवायची पद्धत अजून दिसते. जिरलेलं ऑइल तापल्यावर परत वर येतं. नवे घ्या, आणि दोन्ही बाजूंचे घ्या. सुटे भाग आणायला पुण्याच्या नाना पेठेत जाताना जुना सिलिंडर पिशवीत टाकून न्या, कारण एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळं माप लागलेलं असू शकतं. गंजलेल्या पाइपच्या मध्ये रबरी तुकडा जोडून क्लॅम्प आवळणारा मेकॅनिक भेटला, तर किल्ली परत मागा. होज पाइपच्या बोल्टचे तांब्याचे वायसरही दर वेळी नवेच.

आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन सर्किट असतात, म्हणून एक फुटलं तरी गाडी थांबते. पण पॅडल खोल जातं आणि थांबायला अंतर खूप जास्त लागतं. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा पेटत असेल किंवा पॅडल बसत असेल, तर ‘गॅरेजपर्यंतच तर न्यायचीय’ म्हणून कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडच्या उतारावर गाडी घालू नका. टोइंगवाल्याला बोलवा. लाल दिवा हँडब्रेकचाच असेल असं समजण्याआधी हँडब्रेक पूर्ण खाली करून दिवा विझतो का, तेवढं पाहा.

काम झालं, पाइपांतली हवा निप्पलमधून काढली, की इंजिन चालू ठेवून कुणाला तरी पॅडल जोरात दाबून धरायला सांगा आणि तुम्ही प्रत्येक सांधा आणि निप्पल कोरड्या टिशूने पुसून बघा. मग डबीवर मार्करने पातळीची रेघ ओढा, शेजारी तारीख टाका. आठवड्याने बॉनेट उघडून बघा. रेघेच्या खाली गेलं असेल, तर दुसरी गळती शिल्लक आहे. पुन्हा बूस्टरपासून सुरू करा.