इतिहास-नागरिकशास्त्र शिकवताय? ठाणे-नवी मुंबईत काय काय मिळतं आणि ते वर्गात कसं आणायचं

आपल्या विषयाला तास कमी, प्रयोगशाळा नाही, बजेट तर नाहीच, त्यामुळे पुष्कळदा पुस्तक वाचून दाखवण्यावरच तास संपतो. पण प्रत्येक पाठाला आपल्याच भागातला एक अस्सल पुरावा जोडला, कागद असो, इमारत असो नाहीतर घरातल्या आजोबांची आठवण, तर मुलं खरंच कान देऊन ऐकतात. आपल्याकडे असं बरंच आहे आणि बहुतेक फुकट आहे.

पहिलं म्हणजे १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. राज्य सरकारच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटिअर) विभागाच्या साईटवर आहे, इंग्रजीत आहे पण घाबरू नका, घोडबंदर, कल्याण, वसई अशी गावं नावानिशी सापडतात. सगळं वाचत बसायचं नाही, एक परिच्छेद काढायचा, सोप्या मराठीत करून फळ्यावर लिहायचा आणि विचारायचं, यातलं आज काय उरलंय? लिहिणारा इंग्रज अधिकारी होता हे मात्र मुलांना आधी सांगा, कोणी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं हा प्रश्न तिथेच शिकवता येतो. जुनी मराठी पुस्तकं हवी असतील तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं.

इमारतींचं म्हणाल तर ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ ला मराठ्यांनी घेतलेला. इथेच १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी फाशी दिली. आत नेणं अवघड, पण बाहेर उभं राहून दहा मिनिटं सांगितलं तरी पुरतं. आणि रोज ट्रेनने येणाऱ्या मुलांना १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटरची देशातली पहिली प्रवासी गाडी स्टेशनवरच शिकवा की!

नवी मुंबईवाल्यांकडे तर मला वाटतं सगळ्यात मोठा खजिना आहे. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ला आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, आणि जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं त्यात जासई परिसरात पाच जण हुतात्मा झाले, पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी साडेबारा टक्के योजना आली. तुमच्या वर्गात प्रकल्पग्रस्तांच्या घरातली मुलं असतीलच. दहावीच्या 'सामाजिक व राजकीय चळवळी' या पाठाला त्यांच्या आजी-आजोबांची मुलाखत जोडा. आधी घरून परवानगी घ्या, प्रश्न पाच-सहाच ठेवा (शेती कसली होती, नोटीस कधी आली, पैशाचं काय झालं, मोर्चाला कोण कोण गेलं), मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि मुलांना तारखा छापील बातम्यांशी ताडून बघायला सांगा. आजोबा चुकले असं म्हणायचं नाही, आठवण आणि कागद यात फरक का पडतो हे बोलायचं.

नागरिकशास्त्राला माझा सगळ्यात आवडता उपाय माहिती अधिकार. २००५ चा कायदा, अर्जाला १० रुपये, उत्तर साधारण ३० दिवसांत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणजे मुलांना नेमकं लिहायची सवय पण लागते. मसुदा मुलांनी करायचा, अर्ज तुमच्या नावाने जाऊ द्या. प्रश्न 'रस्ता खराब का' असा नको, 'आमच्या वॉर्डातल्या अमुक रस्त्याच्या कामाच्या कार्यादेशाची प्रत द्यावी' (कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याचा लेखी आदेश) असा हवा, कारण माहिती म्हणजे कागद. उत्तर आलं की महापालिकेच्या बजेटशेजारी ठेवा, ७४ वी घटनादुरुस्ती (शहरांच्या स्थानिक कारभाराची) आणि प्रभाग समिती मग वेगळी समजवावी लागत नाही.

संविधानाच्या पाठाला संविधान सभेची भाषणं संसदेच्या साईटवर आहेत, बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण एका तासात थोडं थोडं वाचून होतं, मुलांनाच आळीपाळीने वाचू द्या.

आता तुमच्यासाठी काय. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या संस्थेची शिक्षकांसाठी सांस्कृतिक प्रशिक्षणं असतात, नाव शिक्षण खात्यामार्फत जातं म्हणून हेडसरांना आधीच सांगून ठेवा. संसदीय कार्य मंत्रालयाच्या पोर्टलवर युवा संसदेसाठी शाळेची नोंदणी करता येते, सहावी ते बारावीच्या मुलांची किशोर सभा असते. इतिहासात लिहायची आवड असेल तर कोकण इतिहास परिषदेच्या अधिवेशनाला निबंध पाठवा, वर म्हटलेल्या मुलाखतींतूनच विषय निघेल. आणि एससीईआरटीची (राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) शिक्षकांच्या नव्या उपक्रमांसाठीची नवोपक्रम स्पर्धा सोडू नका, फक्त उपक्रम सुरू करायच्या आधी मुलांना काय येत होतं त्याची छोटी चाचणी घेऊन तारखेसकट जपून ठेवा, नंतर अहवालात तेच लागतं आणि तेव्हा ते मागे जाऊन घेता येत नाही.