रिलीफ व्हॉल्व्हमागे वॉशर टाकण्याआधी: ट्रॅकच्या गाडीचा ऑइल पंप असा तयार करा

गाडी ट्रॅकवर पळवायची ठरली की ‘रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे एक वॉशर टाक, प्रेशर वाढतंय’ हा सल्ला हमखास मिळतो. रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे प्रेशर ठरावीक मर्यादेपुढे गेलं की जादा ऑइल परत सोडणारी झडप. वॉशर टाकायचाच आहे, पण सगळ्यात शेवटी. पंपाचं काम ऑइल ढकलायचं. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटीतून ऑइल निघताना होणाऱ्या अडवणुकीमुळे. ती फट वाढलेली असेल तर स्प्रिंग कितीही कडक घाला, आयडलवर काटा हलत नाही, कारण तिथे व्हॉल्व्ह उघडायची वेळच येत नाही.

पुढची माहिती क्रँकच्या तोंडावर बसणाऱ्या जेरोटर पंपाला (एकात एक फिरणाऱ्या दोन दातेरी रोटरच्या पंपाला) धरून आहे. एस्टीम आणि जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनात असतो तसा.

पायरी १: खोलण्याआधी मोजा

ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो साधारण ०.३ किलोच्या (प्रति चौरस सेंमी) खाली पेटतो, म्हणजे तोवर बेअरिंग गेलेलं असतं. ऑइल ९० ते १०० अंशांपर्यंत तापू द्या आणि आयडल, २०००, ४००० आणि ६००० आरपीएमला आकडे लिहून घ्या. दर हजार आरपीएमला ०.७ किलो हा जुना ठोकताळा आजही चालतो. ६५०० ला साडेचार किलो मिळत असतील तर बहुतेक इंजिनांना तेवढे पुरतात.

आकड्यांचा अर्थ असा. आयडलला कमी आणि वर ठीक असेल तर बेअरिंग किंवा पंपाची फट वाढली आहे. ४००० नंतर काटा एका जागी थांबत असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. चढत गेलेला काटा वरच्या आरपीएमला खाली येऊ लागला तर पंप हवा ओढतोय किंवा त्याला पुरेसं ऑइल मिळत नाही. आणि सगळीकडेच कमी असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का ते आधी बघा. यातल्या फक्त दुसऱ्या प्रकारात स्प्रिंगला हात लावण्यात अर्थ आहे.

पायरी २: फटी

क्रँकच्या बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबून चपटी होणारी, फट मोजायची बारीक प्लास्टिकची तार) मोजा. जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) व्यासाचा हजारावा भाग धरा, म्हणजे ४५ मिमीच्या जर्नलला ०.०४५ मिमीच्या आसपास.

मग पंप. कव्हर काढून रोटरवर स्ट्रेट एज आडवी ठेवा आणि फिलर गेजने रोटर व बॉडीच्या पातळीतला फरक बघा. ट्रॅकसाठी ०.०५ ते ०.०८ मिमी हवा. जास्त असेल तर बॉडीचा चेहरा घासून खाली आणायचा. जाड सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, वर थोडं ऑइल टाका आणि बॉडी आठच्या आकड्यात फिरवा. दर दहा-बारा फेऱ्यांनी मोजा, शेवट ६०० नंबरवर करा. कव्हरवर रोटरने खोबण पाडली असेल तर तेही सरफेस ग्राइंडिंगला द्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवण्यात पिढ्या गेल्या आहेत, तिथल्या जुन्या फिटरला हे काम समजावून सांगावं लागत नाही. फक्त आकडा कागदावर लिहून द्या. ०.०३ च्या खाली गेलात तर रोटर कव्हरला घासू शकतो.

रोटर बदलायचा का? इंजिन सतत आरपीएम लिमिटरवर आपटत असेल, किंवा रबराचा क्रँक पुली डॅम्पर काढून हलकी पुली बसवली असेल, तर हो. क्रँकचे पिळाचे धक्के थेट आतल्या रोटरवर बसतात आणि पावडर मेटलचा रोटर तडकतो. मोठ्या क्षमतेचा पंप मात्र सरसकट बसवू नका. तो जादा ऑइल वर फेकतो, ते खाली परतायच्या आत चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइल साठवायची टाकी) रिकामा होतो, आणि रिलीफमधून फिरत राहिलेलं ऑइल तापतं.

पायरी ३: ओढण्याची बाजू

पंपाला ऑइल ओढायला फक्त वातावरणाचा दाब मदत करतो, म्हणून इथला छोटा अडथळाही महागात पडतो. इनलेटमधल्या कास्टिंगच्या पायऱ्या आणि बर (धातूच्या उरलेल्या खरखरीत कडा) साफ करून वळणं गुळगुळीत करा, पण रोटरच्या इनलेट व आउटलेटमधली सपाट जागा घासू नका. ती गेली की पंप आतल्या आत गळतो. ऑइल ओढणाऱ्या पाइपची जाळी चेंबरच्या तळापासून ६ ते १० मिमी वर असावी. मुलांच्या खेळायच्या मऊ मातीचा (प्लॅस्टिसिन) गोळा जाळीवर चिकटवा, चेंबर बसवून काढा आणि गोळ्याची जाडी मोजा. पाइपची ओ-रिंग नवीनच टाका. लांब वळणावर काटा पडत असेल तर दोष पंपाचा नाही, चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या लावा.

पायरी ४: रिलीफ व्हॉल्व्ह

प्लंजरला (व्हॉल्व्हचा सरकणारा दट्ट्या) ऑइल लावून तो बोअरमध्ये सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे. अडला तर १५०० नंबरच्या पेपरने हलका पुसा. त्याची कडा मात्र गोल करू नका, पोर्ट बंद करण्याचं काम तीच कडा करते. ॲल्युमिनियमच्या बोअरमध्ये खोल ओरखडा असेल तर बॉडी बदला. एक बारीक कीस तिथे अडकला तर प्लंजर उघडा राहून प्रेशर जातं. बंद राहिला तर थंड स्टार्टला फिल्टरचं सील फुगून ऑइल बाहेर येतं.

आता स्प्रिंग. प्लंजरची कडा पोर्ट उघडायला लागते त्या क्षणी स्प्रिंगची लांबी किती असते, ते डेप्थ गेजने काढा. कोल्हापुरातल्याच लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात असतो तसा १० किलोचा डिजिटल काटा बंद ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर ठेवा, चकमध्ये सपाट तोंडाची सळई पकडा, खाली स्प्रिंग उभी करा आणि दांडा ओढून त्या लांबीपर्यंत दाबा. समजा काटा ४.६ किलो दाखवतो आणि प्लंजर १२ मिमीचा आहे. त्याचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंमी. ४.६ भागिले १.१३, म्हणजे व्हॉल्व्ह ४.०७ किलो दाबाला उघडतो. आणखी १ मिमी दाबा. काट्यावर ५.२ किलो आले तर १ मिमीच्या शिमने (स्प्रिंगमागे टाकायची चकती, म्हणजेच तो वॉशर) उघडण्याचा दाब ५.२ भागिले १.१३, म्हणजे ४.६ किलो होईल. अर्धा किलो वाढवायला एवढंच लागतं. एका वेळी १ मिमीच्या पुढे जाऊ नका.

शिम कडक स्टीलची, दोन्ही बाजू समांतर घासलेली हवी. बसवण्याआधी प्लंजर पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगची लांबी किती उरते ते बघा. २ मिमी तारेचे ९ वेटोळे पूर्ण मिटले की १८ मिमी होतात, म्हणून निदान १९.५ मिमी उरली पाहिजे. वेटोळी आधीच मिटली तर पोर्ट पूर्ण उघडत नाही, आणि डिसेंबरच्या सकाळी घट्ट झालेल्या ऑइलवर प्रेशर सरळ वर उसळतं.

पायरी ५: जोडणी आणि पहिला स्टार्ट

सगळे भाग रॉकेलने धुऊन हवेने उडवा, पेपरची एक कणीही आत राहता कामा नये. रोटरच्या खाचा पेट्रोलियम जेलीने भरा, नाहीतर कोरडा पंप ऑइल ओढणार नाही. ऑइल सीलच्या ओठाला ग्रीस लावा. फिल्टर ऑइलने भरून बसवा. प्लग काढा, इंधन आणि इग्निशन तोडा आणि काटा हलेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. मधे थांबा, स्टार्टर तापू देऊ नका.

थंड स्टार्टला प्रेशर ७ किलोच्या वर गेलं तर शिम पातळ करा. गरम झाल्यावर पायरी १ चे आकडे पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. अर्धा तास चालवल्यावर फिल्टर कापून कागद उलगडा. चुंबकाला चिकटणारा करडा चुरा असेल तर रोटर घासतोय. चुंबकाला न चिकटणाऱ्या तांबूस पापुद्र्या दिसल्या तर गाडी पुन्हा सुरू करू नका, चेंबर खोला आणि बेअरिंग बघा.