टोरांटोत घर बघताय? जानेवारी डोळ्यांपुढे ठेवा

दर उन्हाळ्यात नव्याने आलेल्या कुणाचा तरी फोन येतोच : "डाउनटाउनला कॉन्डो (टॉवरमधला फ्लॅट) घेऊ की ब्रॅम्प्टनला बेसमेंट? भाड्यात बराच फरक पडतोय."

पडतो, कबूल. त्याच फरकाला भुलून मीही पहिल्या वर्षी ब्रॅम्प्टनचं उपनगर गाठलं होतं. आधी बस, मग गो ट्रेन (उपनगरांतून शहरात येणारी लोकल), मग डाउनटाउनच्या युनियन स्टेशनपासून पायपीट. उणे वीसमध्ये बसस्टॉपवर उभं राहून बोटं बधिर झाली की भाड्यात वाचलेले डॉलर आठवत नाहीत. शेवटी गाडी घेतली. ब्रॅम्प्टनचा कार-विमा ऑन्टारिओतल्या सर्वांत महागड्यांपैकी, हे ज्ञान त्यानंतर झालं!

म्हणून एकटे असाल किंवा दोघंच, तर पहिलं वर्ष सबवेच्या लाइन 1 जवळ काढा. सिटीप्लेससारख्या ठिकाणी, जिथे पूर्वी रेल्वेचं यार्ड होतं, गाडीवाचून काही अडत नाही. थंडीत युनियनपासून पुष्कळ ऑफिसांपर्यंत 'पाथ' नावाच्या पायी जायच्या भुयारांतून जाता येतं. तीस किलोमीटरचं जाळं आहे ते. पण 'वन बेडरूम प्लस डेन' वाचून हुरळू नका. डेन म्हणजे बहुतेकदा बिनखिडकीचा कोनाडा, आईबाबा आले की झोपवायचं कुठे हा प्रश्न तसाच. शेगडीवरचा पंखा धूर बाहेर फेकतो की घरातच फिरवतो, तेही बघा. आमच्याकडे मिरचीची फोडणी पडली की स्मोक अलार्म ठणाणा करायचा.

करार करताना इमारतीचं वय विचारा. 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या जागांना भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू नाही. शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ मागतात, ते रीतसर आहे. 'डॅमेज डिपॉझिट' मात्र कायद्यात बसत नाही, देऊ नका.

शाळेत जाणारी मुलं असतील तर उपनगर बरं, पण स्टेशनपासून चालत जाता येईल असंच. पोर्ट क्रेडिट किंवा ओकव्हिल बघा. गो ट्रेनच्या लेकशोअर वेस्ट लाइनवर आठवडाभर, दोन्ही दिशांना गाड्या असतात. मिल्टन लाइनवरचं घर स्वस्त दिसलं तर शनिवारचं वेळापत्रक उघडा. त्या दिवशी तिथे ट्रेनच नसते.