चक्रीवादळ एका रात्रीत बळावतं तेव्हा : अंदाज वाचताना या चुका टाळा

मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की नेरुळपासून घोडबंदरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर रंगीत नकाशे येऊ लागतात. सोबत ठरलेलं वाक्य असतं: "समुद्र तापलाय, आता भडकणारच."

पहिली चूक हीच. पाणी साधारण 26.5 अंशांच्या वर तापलेलं लागतं, पण तेवढ्याने भागत नाही. दीड किलोमीटर उंचीवरचा वारा आणि 12 किलोमीटरवरचा वारा यांच्या वेगात किंवा दिशेत फार तफावत असेल, तर वादळ तिरकं होतं आणि वरची उष्णता केंद्रावरून बाजूला ढकलली जाते. ही तफावत म्हणजे विंड शिअर. ऐन पावसाळ्यात खाली नैऋत्येचे वारे, वर पूर्वेकडून येणारा जोरदार झोत; म्हणून जुलै-ऑगस्टात इथे मोठं चक्रीवादळ क्वचितच होतं. घोर मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा.

कोरडी हवा तर कुणी मोजतच नाही. अरबस्तानाकडून ती मधल्या थरात घुसली की पावसाचे थेंब हवेतच सुकतात, गार हवा खाली कोसळते आणि ढग ढासळतात. उलट मधला थर दमट, शिअर कमी आणि वर हवेला बाहेर पडायला मोकळी वाट असेल, तर वाफेचे ढग होताना सुटलेली उष्णता केंद्राजवळच साठते आणि दाब भराभर उतरतो. 24 तासांत वारा ताशी 55 किलोमीटरने वाढला, की वादळ झपाट्याने तीव्र झालं असं मानतात.

त्यामुळे कालच्या श्रेणीवर, म्हणजे वाऱ्याच्या वेगावरून ठरलेल्या तीव्रतेच्या पायरीवर, विसंबू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये मेक्सिकोजवळचं ओटिस वादळ एका दिवसात पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीत पोचलं. अंदाज काढणाऱ्या संगणकीय मॉडेलांना त्याचा पत्ताच लागला नव्हता. वादळाचा मार्ग आजूबाजूच्या मोठ्या प्रदेशावरचे वारे ठरवतात, तो बराच बरोबर सांगता येतो. तीव्रता केंद्राजवळच्या थोड्याशा भागात ठरते, तिथे मॉडेलं चुकतात. ॲपमधला लाल गोळा हेही एकाच मॉडेलचं मत असतं, हे लोक सोयीस्कर विसरतात.

नकाशावरची वादळाच्या मार्गाची रेघ लांबून गेली म्हणून निर्धास्त राहणंही महागात पडतं. 17 मे 2021 ला तौक्तेचं केंद्र समुद्रातूनच वर सरकलं आणि सौराष्ट्रात धडकलं, तरी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचे झोत नोंदले गेले. ठाणे-नवी मुंबईतही झाडं पडली.

चक्रीवादळ असताना हवामान खात्याचं बुलेटिन दर तीन तासांनी येतं. आधी त्यावरची वेळ पाहा. सकाळचं बुलेटिन संध्याकाळी फॉरवर्ड होऊन आलं असेल, तर ते सोडून ताजं उघडा.