पहिला डीएसएलआर घेताय? कुठली लेन्स घ्यायची ते तुमचेच फोटो सांगतील

डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचाय, कुठला घेऊ, असं ओळखीतलं कोणी ना कोणी विचारत असतं आणि दर वेळी बोलणं बॉडीवरच (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर) अडकतं, २० मेगापिक्सेल की २४, हे मॉडेल की ते. बरीच वर्षं हौस म्हणून फोटो काढतेय, त्यावरून सांगते, बॉडीवर इतकं डोकं खपवू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, त्यातून साधारण २० बाय १३ इंचाचा प्रिंट अगदी स्वच्छ निघतो, आपल्यापैकी बहुतेक जण एवढा मोठा प्रिंट काढतच नाहीत. हातात नीट बसतो का, व्ह्यूफाइंडरमधून बघायला बरं वाटतं का एवढं बघा आणि पुढे चला. पैसे आणि विचार दोन्ही लेन्ससाठी राखून ठेवा.

मी नेमकं उलटं केलं होतं. बॉडीबरोबर १८-५५ ची किट लेन्स आली (हे आकडे फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) आणि एक फोटोही काढायच्या आधी मी सोबत ७०-३०० घेतली, कारण लांबचं जवळ दिसलं की फोटो भारी येणार असं मनात पक्कं बसलं होतं. पुढे दीड वर्षाने सगळे फोटो कॉम्प्युटरवर लावताना लक्षात आलं की प्रत्येक फाईलमध्ये तो कुठल्या फोकल लेंथला काढलाय ते लिहिलेलं असतं (लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून फोटो गाळता येतात, नाहीतर फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं), म्हणून चाळून बघितलं तर निम्म्याहून जास्त फोटो २४ ते ३५ च्या मधले, एक मोठा गठ्ठा १८ वर, आणि ७०-३०० चे मोजून काही डझन, त्यातलेही बरेच हललेले. मला माणसं आवडतात, घरातली, कामात गढलेली, आणि माणसांचे फोटो मी जवळ जाऊन काढते, हे मला माझ्याच फोटोंनी सांगितलं. तुम्हाला पक्षी आवडत असतील तर तुमचा हिशोब वेगळा निघेल आणि तेव्हा ३०० एमएमसुद्धा कमी पडेल. म्हणून निदान तीन-चार महिने किट लेन्सवर काढा, मग आकडे बघा, मग खरेदी.

ते ७०-३०० चे फोटो का हलले तेही सांगते. हातात कॅमेरा धरून काढताना शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं ते) निदान १ भागिले फोकल लेंथ इतका हवा, आणि क्रॉप सेन्सर (फुल फ्रेम, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा लहान) असेल तर तो दीडपट धरायचा, म्हणजे ३०० ला साधारण १/५००. मी १/१२५ वर काढत होते. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सांभाळतं, समोरचं माणूस किंवा पक्षी हलला तर त्याला काही करू शकत नाही. हे कळायला मला फार वेळ लागला.

मग ३५ एमएम एफ/१.८ घेतली (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त). सगळे ५० घे म्हणत होते, ५० चांगलीच असते, पण क्रॉप सेन्सरवर तिचा अँगल फुल फ्रेमवरच्या ७५ सारखा होतो (कॅननवर ८०, कारण तिथे क्रॉप १.६), छोट्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी चार माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. ३५ ची होते जवळपास ५२, म्हणजे रोजच्या वापराची. आणि उजेड! किट लेन्स झूम केली की एफ/५.६ वर येते, तिथून एफ/१.८ म्हणजे तीन स्टॉपहून जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० लागायचा तिथे ४०० वर भागतं. संध्याकाळी घरात काढलेला पहिला फोटो बघितला तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला होता.

पण मग सगळंच एफ/१.८ वर काढायची सवय लागते, ती लागू देऊ नका. ५० एमएमला, एक मीटरवरून, एफ/१.८ ला जेमतेम ३ सेंटीमीटर शार्प येतं, चेहरा जरा तिरका असला की एक डोळा शार्प आणि दुसरा गेलेला. माणूस एकटं असेल तर एफ/२.८, दोघं-तिघं असतील तर एफ/४-५.६, आणि फोकस पॉइंट कॅमेऱ्यावर न सोडता स्वतः डोळ्यावर ठेवायचा.

मोडबद्दल फार नाही सांगत. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (एफचा आकडा आपण ठरवायचा, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो), ऑटो आयएसओ, आणि मेन्यूत किमान शटर स्पीड ठरवता येत असेल तर माणसांसाठी १/२०० लावून टाका. आयएसओ वाढल्याने आलेले दाणे मागाहून कमी करता येतात, हललेला फोटो मात्र गेला तो गेलाच. कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारा भाग) समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो म्हणून पांढरे कपडे करडे येतात, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ करायचं, काळ्यासाठी उणे. आणि रॉमध्ये (सेन्सरवरची सगळी माहिती राखणाऱ्या फाईलमध्ये) काढा.

सेकंड हँड घ्यायला माझी अजिबात हरकत नाही, उलट आता तेच शहाणपणाचं, कारण कॅनन-निकॉनचं नवं काम सगळं मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) गेलंय आणि लोक चांगले डीएसएलआर विकतायत. फक्त शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) विचारा, एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का बघा, लेन्समधून टॉर्च मारून बघा. निकॉनच्या डी३५००, डी५६०० सारख्या बॉडीत फोकस मोटर नसते, त्यांवर जुन्या एएफ-डी लेन्स बसतात पण ऑटोफोकस होत नाहीत, लेन्समध्येच मोटर असलेल्या एएफ-एस किंवा एएफ-पी घ्या. कॅननच्या ईएफ-एस (क्रॉप सेन्सरसाठीच्या) लेन्स त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत.

टॉर्च मारून काय बघायचं तर बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. माझी ७०-३०० बॅगेत महिनोन्महिने तशीच पडून राहिली आणि आतल्या काचेवर हेच जाळं धरलं, उघडून साफ करून घ्यावी लागली, एका कोपऱ्यात खूण अजून आहे. तेव्हापासून लेन्स बॅगेत ठेवत नाही, हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवते, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे, आणि दर पंधरवड्याला एकेक लेन्स बाहेर काढून त्या दिवशी तिच्यानेच फोटो काढते.