कोऱ्या ऑसिलेटरपासून ठेक्यापर्यंत

इंदूरच्या राजेंद्रनगरात गणेशोत्सवातल्या एका बालनाट्याला पार्श्वसंगीत देण्याचे काम अंगावर आले, तेव्हा माझ्याजवळ एक जुना लॅपटॉप आणि एलएमएमएस हे संगीत तयार करण्याचे मोफत सॉफ्टवेअर, एवढेच होते. पहिले आठ दिवस मी प्रीसेट, म्हणजे त्यात आधीच तयार असलेले आवाज, ऐकण्यात घालवले. त्यातून हाती काही लागले नाही, कारण मला कोणता आवाज हवा आहे हेच मी ठरवलेले नव्हते.

मग लहानपणी शिकलेला तबला उपयोगी पडला. बोल आधी तोंडाने म्हणायचा आणि मगच वाजवायचा, ही शिस्त मी संगणकावर आणली. ‘घे’ म्हणून पाहिले आणि किकर या अंगभूत वाद्यात स्वर सुमारे १५० हर्ट्झवरून ५० हर्ट्झपर्यंत झटकन खाली येईल अशी मांडणी केली. डग्ग्यावर मनगट दाबले की स्वर वर चढतो, येथे तो खाली घसरतो. तरीही पोटात बसणारा तो घुमारा ओळखीचा वाटला. ‘ना’साठी ट्रिपल ऑसिलेटर हे वाद्य घेतले; ऑसिलेटर म्हणजे आवाजाची मूळ लहर निर्माण करणारा भाग. साइन लहरीत केवळ मूळ स्वर असतो, चौकोनी लहरीत विषम क्रमांकाचे स्वरांश (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) आणि करवती लहरीत सगळेच, हे एकदा कानाने पडताळून पाहिले की फिल्टर काय कापतो ते पुस्तकाविना कळते. एन्व्हलप म्हणजे आवाजाच्या चढउताराचा आराखडा; त्यातील अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) जवळजवळ शून्य आणि डिके (उतरायला लागणारा वेळ) आखूड ठेवल्यावर त्याच लहरीतून टिचकीसारखा बोल निघाला. अटॅक लांबवला तर तीच लहर पेटीच्या भात्यासारखी हळूहळू फुगते.

ठेक्याच्या बाबतीत मात्र मी सपशेल फसलो. ठोके भरायच्या पट्टीत सोळा चौकोन दिसताच मी आनंदाने त्रिताल भरला आणि तो गिरणीच्या वेगाने पळत सुटला. हे चौकोन सोळा मात्रांचे नसून चार ठोक्यांचे पाव भाग असतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गतीला सगळे सोळा दोन सेकंदांत संपतात. एक मात्रा म्हणजे चार चौकोन धरले, तर त्रितालाच्या एका आवर्तनाला ६४ चौकोन लागतात. दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत, म्हणजे ‘तिं तिं ता ता’ या बोलांवर, मी किक, म्हणजे किकरचा तो घुमारा, काढून टाकली आणि यंत्राच्या ठेक्यात तालाची ‘खाली’, म्हणजे डग्ग्याचा घुमारा नसलेला भाग, ऐकू आली. त्यानंतर प्रत्येक ठोक्याचा जोर थोडा कमीजास्त केला. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये.

दुसरी फजिती मंडपातली. घरी लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर ५० हर्ट्झचा स्वर ऐकूच येत नव्हता, म्हणून मी तो वाढवत गेलो. मंडपातल्या मोठ्या पेट्यांवर त्याने मुलांचे संवाद गिळून टाकले. आता मी हेडफोनवर तपासतो आणि खर्जाच्या जोडीला वरच्या सप्तकातला तोच स्वर बारीक ठेवतो, म्हणजे लहान स्पीकरवरही ठोक्याचा माग लागतो.

की-बोर्ड जोडून वाजवताना आवाज मागे पडत असेल तर बफर, म्हणजे संगणक आवाजाचे नमुने वाजवण्याआधी साठवतो तो साठा, पाहावा: सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या गतीला ५१२ नमुन्यांचा बफर सुमारे १२ मिलिसेकंदांचा उशीर करतो, २५६ चा त्याच्या निम्मा. फार कमी केल्यास जुना संगणक खरखरतो. माझा तर २५६ वरच कुरकुरायला लागतो, त्यामुळे मी आजही बहुतेक बोल माउसनेच भरतो.