खारीच्या शिकारीला निघण्यापूर्वी: पेनसिल्व्हेनियातील नवशिक्यांसाठी
सर्वांत आधी बर्फ घ्यावा. परवाना, बंदूक, काडतुसे कोणी विसरत नाही. बर्फ मात्र राहून जातो. माझ्या पहिल्या हंगामात, सप्टेंबरच्या उन्हात, मारलेल्या तीन खारी मी पाठीवरच्या पिशवीत तशाच ठेवल्या आणि दुपारपर्यंत रानात हिंडत राहिलो. घरी पोहोचलो तेव्हा मांसाला वास येऊ लागला होता आणि तिन्ही पुराव्या लागल्या. खाण्यासाठी म्हणून घेतलेला जीव असा वाया घालवल्याची बोचणी अजून गेलेली नाही.

ही यादी फक्त पेनसिल्व्हेनियासाठी आहे. भारतात वन्यजीवांच्या शिकारीला १९७२ च्या कायद्याने मनाई आहे आणि शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे; इथली हौस तिकडे नेऊ नये.

पहिल्यांदाच परवाना काढणाऱ्याने शिकारीचे प्रशिक्षण आधी पूर्ण करावे. डोके, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच चमकदार नारिंगी कापड चारही बाजूंनी दिसले पाहिजे. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत, त्या घरच्यांच्या परवानगीशिवाय, शिकार करता येत नाही.

पॉइंट टू-टू रायफलचा नेम चांगला लागतो, परंतु तिची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. म्हणून फांदीवरच्या खारीमागे नुसते आकाश दिसत असेल तर चाप ओढूच नये, ती जाड खोडावर येईपर्यंत थांबावे. एवढा धीर नसेल त्याने सहा नंबरच्या छऱ्यांची शॉटगन घ्यावी, आणि तीही मागे कोण आहे हे पाहूनच चालवावी.

हिकरी, ओक किंवा बीचच्या झाडाखाली ताजी कुरतडलेली टरफले पडलेली दिसली, की तिथेच उजाडण्यापूर्वी खोडाला पाठ टेकून बसावे आणि निदान वीस मिनिटे हालचाल करू नये. खार खोडाच्या पलीकडे लपते. सोबती असेल तर त्याने सावकाश वळसा घालावा, म्हणजे ती आपल्या बाजूला येते. बार झाल्यावर लगेच उठू नये, पडलेली जागा नीट लक्षात ठेवावी. थोड्या वेळाने इतर खारी पुन्हा बाहेर पडतात.

मात्र पहिली खार हाती आली, की बर्फाची आठवण ठेवावी. लहान धारदार सुरी, रबरी हातमोजे (टुलारेमिया या जिवाणूजन्य रोगाचा संसर्ग हाताच्या जखमेतूनही होतो) आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या जवळच हव्यात. पोट तिथेच साफ करावे आणि अंग गरम असतानाच कातडे काढावे, कारण थंड झाल्यावर ते मांसाला घट्ट चिकटते. मांस पिशवीत बांधून बर्फात ठेवावे, म्हणजे वितळलेल्या पाण्यात भिजत नाही. गाडी लांब उभी असेल तर बर्फाची छोटी पिशवी पाठीवरच न्यावी; गाडीतला बर्फ रानात उपयोगी पडत नाही. सुरुवातीच्या हंगामात कातड्याखाली माशीच्या अळीची गाठ दिसली तर घाबरू नये. ती कातड्याबरोबर निघून जाते.

दिवसाला खारी सहाच. बर्फ पुन्हा एकदा तपासावा. कोवळी खार तव्यावर होते, जून खारीला कुकर लागतो.